धावायला लागलायस, तर एवढं ऐक

"हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर? माझ्याच्यानं नाही व्हायचं" हे आधी बंद कर. पण "होणारच, होणारच" असा जपही नको, त्यानं पाय हलत नाहीत. सध्या काम एकच: गजर झाला की बूट घालायचे. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी कर. नडगी दुखली तर सरळ सुट्टी घे. पावसाळ्यात खाडा पडेलच, पडू दे. सलग दोन पडू देऊ नकोस. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ आला की फक्त पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत बघायचं, मग त्याच्या पुढच्या. आणि अंतर-वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचे फोटो ग्रुपवर टाकायची इतक्यात घाई नको, लोक उगाच हिशोब मागतात.