‘फॉरेन’ म्हणजे दाराबाहेरचे

प्रश्न असा आला आहे: हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये सी या दुसऱ्या भाषेतला कोड जोडताना ‘फॉरेन फंक्शन’ म्हणतात, त्याला ‘विदेशी फलन’ म्हणावे का? आणि ‘मेटाप्रोग्रॅमिंग’ला, म्हणजे प्रोग्रॅमकडूनच प्रोग्रॅम लिहवून घेण्याला, काय म्हणावे?

‘विदेशी’ अजिबात नको. हे ऐकून ऐकून कान किटले. सी आणि हॅस्केल यांना कुठला आलाय देश? आपण ‘फॉरेनला गेला’ म्हणतो म्हणून तेवढा एकच अर्थ डोक्यात बसला आहे. लॅटिनमध्ये ‘फोरेस’ म्हणजे दार, ‘फोरिस’ म्हणजे दाराबाहेर. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘चेंबर फॉरेन’ म्हणजे चक्क शौचकूप! आपल्या ‘परसाकडे जाण्या’तला तोच प्रकार.

आता खरी गंमत. संस्कृत आणि लॅटिन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, शब्दारंभीच्या मूळ ‘ध’चा लॅटिनमध्ये ‘फ’ होतो: आपला धूम, त्यांचा ‘फूमुस’. त्याच नियमाने ‘फोरेस’ आणि आपले द्वार, म्हणजेच दार, सख्खी भावंडे ठरतात. यावरून ‘फॉरेन संस्कृतातूनच निघाला’ असे सांगत सुटणाऱ्यांनी कृपया थांबावे. भावंडाला बाप ठरवू नये. उलट मूळचा ‘ध’ इथे संस्कृतानेच गमावला, नियमाने ‘ध्वार’ व्हायला हवे होते. का गमावला? ‘द्वि’च्या ओढीने, असे काही अभ्यासक मानतात, कारण दाराला फळ्या दोन. मला हे पुरते पटते. लॅटिनातला ‘फोरेस’ही अनेकवचनी, तो याच दोन फळ्यांमुळे. याला योगायोग म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. जुन्या वाड्याचे दार डोळ्यांसमोर आणा, दोन्ही फळ्या ओढल्याशिवाय ते लागतच नाही.

हॅस्केलमध्येच सीच्या ओळी लिहू देणाऱ्या ‘इनलाइन सी’ या लायब्ररीत हेच दार दिसते. चौकटी कंसात, दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये सीची ओळ लिहायची. कंपाइल होताना, म्हणजे कोडचे यंत्राला चालेल असे रूप होताना, टेम्प्लेट हॅस्केल (हॅस्केलमधली मेटाप्रोग्रॅमिंगची सोय) ती उचलून सीच्या वेगळ्या फाइलीत ठेवते, तिचे फंक्शन करून त्याला नाव देते आणि हॅस्केलच्या बाजूची ‘फॉरेन इम्पोर्ट’ची, म्हणजे ‘हे फंक्शन बाहेरून येणार’ अशी, घोषणाही आपणच लिहिते. मग सीचा कंपायलर आपला भाग तयार करतो आणि तयार भाग जोडणारा लिंकर दोन्ही सांधतो. म्हणजे एक फळी सीची, एक हॅस्केलची. ती घोषणा हाताने लिहिताना सीकडे ‘डबल’ (अपूर्णांकी संख्या) आणि आपल्याकडे चुकून ‘इंट’ (पूर्णांक) पडला, तर हॅस्केलचा कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि प्रोग्रॅम चालवल्यावर भलतेच आकडे येतात. दोन्ही फळ्या एकाच सुताराने एकाच मापाने केल्या की ही भानगड उरत नाही.

तेव्हा ‘बाहेरचे फंक्शन’ म्हणा. घरातले कोण आणि बाहेरचे कोण, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘मेटा’चे ग्रीक प्रकरण निराळे आहे, तो शब्द तूर्त आहे तसाच राहू द्या.