कॉलवर सगळे गप्प, मग प्रॉब्लेम कळणार कसा?

प्रश्न: माझी पूर्ण टीम घरून काम करते, काही जणांना तर मी प्रत्यक्ष भेटलेलीही नाही. मीटिंगमधे "कुणाला काही शंका?" विचारलं की सगळे म्यूटवर, आणि मग डेडलाइनच्या आदल्या दिवशी कळतं की काम अडकलंय. मी कधी कोणावर ओरडत नाही, तरी लोक बोलत का नाहीत?
- एक टीम लीड

उत्तर: ओरडत नाही हे चांगलंच आहे, पण तेवढ्याने लोक बोलायला लागत नाहीत. माणूस मनात हिशोब करतो की हे विचारलं तर मी बावळट दिसेन का, अप्रेझलच्या वेळी हे आठवेल का, आणि गप्प राहण्यात लगेच काही तोटा दिसत नाही म्हणून गप्प राहतो. ऑफिसमधे निदान शेजारच्याला हळूच विचारता यायचं. आता तोच प्रश्न ग्रुपवर टाकायचा म्हणजे सगळ्यांसमोर आणि कायमचा लेखी, त्यात तुमचं नुसतं "ओके" आलं तरी समोरचा अर्धा दिवस विचार करत बसतो की मॅडम चिडल्या की काय.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 90 च्या दशकात हॉस्पिटलमधे औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तर चांगल्या टीममधेच चुकांची नोंद जास्त निघाली! तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नाही, तिथले लोक त्या उघड बोलत होते म्हणून, असा त्यांनी अर्थ लावला. पुढे गूगलने 2012 पासून स्वतःच्या 180 टीम तपासल्या, त्यातही न घाबरता बोलता येणं हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली. त्यामुळे तुमच्या ग्रुपवर महिनाभर एकही चूक दिसली नाही तर खूश होऊ नका, काळजी करा.

"कुणाला काही शंका?" हे विचारणं बंदच करा. त्याऐवजी मीटिंगआधी एक शेअर्ड डॉक्युमेंट टाका, "हा प्लॅन कुठे फसू शकतो, प्रत्येकाने एक तरी जागा लिहा". लाजरा माणूसही लिहितो. आणि कॉलवर तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगा, लीड आधी बोलली की बाकीच्यांनी फक्त हो म्हणायचं उरतं.

पण खरी परीक्षा पहिल्या वाईट बातमीची. कोणी ग्रुपवर लिहिलं की माझ्याकडून चुकीची फाइल गेली, तर त्यावर तुम्ही काय लिहिता ते पूर्ण टीम वाचत असते, जे काहीच लिहीत नाहीत ते तर जास्तच. "लवकर सांगितलंस बरं झालं, आता आधी काय थांबवायचं?" एवढंच लिहा. चूक कशी झाली ते नंतर शांतपणे बघा, आणि तेव्हाही कामाची पद्धत तपासा, माणसाला आरोपी करू नका. ग्रुपवर थँक्यू आणि खाजगीत झापाझापी असं तर अजिबात नको, ते सगळ्यांना कळतंच.

म्हणून काम ढिलं सोडायचं असं नाही हं. डेडलाइन तीच, क्वालिटी तीच. कोणी वारंवार हलगर्जीपणा करत असेल तर त्याच्याशी एकट्याशी, कॉलवर बोला, चॅटवर नको.

पहिले काही आठवडे लोक "सगळं ठीक आहे" असंच लिहितील, तरी विचारत राहा. आणि कोणी तुमचाच प्लॅन चुकतोय असं लिहिलं आणि ते पटलं, तर प्लॅन बदला आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला तेही ग्रुपवर लिहा.