ईराच्या वेण्या कोण घालणार?

मृणालनं पहिल्याच भेटीत लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. अकरा गावांचा तक्ता होता. घरभाडं, शाळा, नवऱ्याच्या ऑफिसपर्यंतचं अंतर, गोऱ्या-काळ्या-आशियाई लोकांची टक्केवारी, चर्च किती. शेवटचा रकाना मात्र अकराही गावांपुढे रिकामा होता. त्याचं शीर्षक होतं, ‘आपल्याला चालवून घेतील का?’

“ताई, एवढा रकाना कसा भरायचा ते सांगा,” ती म्हणाली.

मी न्यू जर्सीत समुपदेशन करते. मिश्र कुटुंबं माझ्याकडे आता पुष्कळ येतात, आणि नोकरीपायी राज्य बदलायची वेळ आली की बहुतेकांना हीच काळजी असते: आम्ही कुठल्याच गोतात बसत नाही, मग नव्या गावात आमचं कोण? मृणालची गोष्ट तिच्या आणि डेरिकच्या परवानगीनं सांगते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मृणाल साताऱ्याची. डेरिक आफ्रिकन अमेरिकन, दक्षिणेत वाढलेला. ईरा नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. देव दोघंही मानत नाहीत. डेरिकची बदली वॉशिंग्टन-बाल्टिमोरच्या पट्ट्यात झाली होती.

तक्त्यामागे जुनं दुखणं होतं. तीन वर्षांपूर्वी ते दक्षिणेतल्या एका छोट्या गावात चौदा महिने राहिले होते. पहिल्याच दिवशी शेजारीण पीचचं ‘पाय’ नावाचं गोड पक्वान्न घेऊन आली. खऱ्या मायेनं आली, हे मृणालनं मला दोनदा सांगितलं. पाचव्या मिनिटाला तिनं विचारलं, “तुम्ही कुठल्या चर्चला जाता?” जात नाही म्हटल्यावर तिनं आपल्या चर्चला बोलावलं, पुन्हा एकदा बोलावलं, आणि मग बोलावणं बंद झालं. त्यासोबत बाकीचंही बंद झालं, कारण मुलांचे वाढदिवस, उन्हाळी शिबिरं, आजारपणात दारात येणारा डबा, सगळं त्या गावात चर्चच्याच ओळखीतून चालायचं. तासाभराच्या अंतरावर मराठी मंडळ होतं. तिथे गणपतीला गेले, तर एका काकूंनी न विचारता ईराच्या केसांत हात घातला आणि म्हणाल्या, “अगंबाई, हे विंचरतेस तरी कसं?” एका गृहस्थांनी डेरिकला हॉलचा कामगार समजून खुर्च्या आणायला सांगितल्या. त्यानं आणून दिल्या. परतताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

पुढच्या भेटीला डेरिक आला. मला वाटलं होतं, तो वंशभेदावर बोलेल. तो आजीबद्दल बोलला. गुलामगिरीच्या काळापासून चर्च ही काळ्या माणसांची पहिली स्वतःची जागा होती. १८१६ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलननी आपल्या लोकांचा स्वतंत्र पंथ उभा केला, १९५५ मध्ये माँटगोमेरीत वंशभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार घातला गेला तेव्हाच्या सभा चर्चमध्येच भरल्या. शाळा, कर्ज, लग्न, मयत, सगळं तिथून. “मी देव मानत नाही असं आजीला म्हणालो तेव्हा तिला ऐकू आलं की मी आपली माणसं सोडली,” तो म्हणाला. “आणि खरंच, थोडी सुटलीच.”

मृणालचं नास्तिकपण निराळं. तिच्या वडिलांच्या घरी सत्यशोधक वळण, लग्नं नोंदणी पद्धतीनं, पण गणपतीच्या दिवसांत गल्लीतल्या लेझीमला सगळ्यांत पुढे हीच. आरती तिला पाठ आहे आणि ती म्हणताना आपण प्रार्थना करतो आहोत असं तिला कधी वाटलंच नाही. डेरिकला मात्र ती पूजाच दिसायची. “मी माझं चर्च सोडलं ते मुलांना दुसऱ्या देवासमोर उभं करायला नाही,” असं तो एकदा भांडणात म्हणाला होता. मृणालला ते लागलं होतं, आणि त्यानंतर दोघांनी तो विषय काढलाच नव्हता.

अशा जोडप्यांत हे मी फार वेळा पाहते. ‘आम्ही धर्म मानत नाही’ हे वाक्य दोघं एका सुरात म्हणतात, पण त्यामागे प्रत्येकानं वेगळी गोष्ट गमावलेली असते. ते आपसात बोलून झालेलं नसेल, तर अकरा काय, अकराशे गावं तपासून उपयोग नाही. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी दोघांना वेगवेगळं लिहून आणायला सांगितलं: मी कशात बसू शकतो, कशात नाही, आणि मुलांना कशातून उठवून आणीन.

तीन आठवडे लागले. चर्चमधलं लग्न आणि मयत, दोघांनाही चालणार. आजीच्या टेबलावर जेवणाआधी सगळे मान खाली घालतात तेव्हा मुलांनी गप्प बसायचं. मुलांना कोणी नरकाची भीती घातली, तर त्याच क्षणी निघायचं. गणपतीला लेझीम, मोदक, आरतीच्या टाळ्या, सगळं हो. पण पाया पडायला मुलांना कोणी ढकलायचं नाही, आणि तसं सांगायची जबाबदारी मृणालची, कारण ती माणसं तिची. हा शेवटचा मुद्दा डेरिकनं तीनदा अधोरेखित केला होता.

एक चूक माझी झाली. तोवर मी मोठ्यांशीच बोलत होते. चौथ्या भेटीला ईराला बोलावलं आणि नव्या गावाबद्दल कसली काळजी वाटते असं विचारलं. ती लगेच म्हणाली, “माझ्या वेण्या कोण घालणार?”

मृणालचे डोळे भरून आले. ईराचे केस डेरिकच्या आईसारखे, दाट आणि घट्ट कुरळे. दक्षिणेतल्या गावात मृणालनं व्हिडिओ पाहून स्वतः प्रयत्न केला, तेल चोपडलं, कंगवे मोडले, ईरा रडायची. शेवटी केस अगदी बारीक कापले आणि ते वर्ष ईरा टोपी घालून शाळेत गेली. न्यू जर्सीत दर सहा आठवड्यांनी एका बाईकडे चार-पाच तास बसून बारीक वेण्या घालून घ्यायची. ईराच्या लेखी गाव चांगलं की वाईट, हे तिथे ठरत होतं.

मी मृणालला म्हटलं, “शेवटच्या रकान्याचं शीर्षक बदल. वेण्या घालणारी बाई किती मिनिटांवर आहे, ते लिही.” तिला आधी ते फुटकळ वाटलं. पण ज्या गावात अशी दोन-तीन दुकानं चालतात, तिथे ईरासारख्या मुली आहेत, त्यांच्या आया आहेत, शनिवारी तासन्‌तास एकत्र बसणं आहे. टक्केवारीच्या आकड्याला खुर्ची नसते, दुकानाला असते. आठ गावं त्या एका रकान्यात गळली.

उरलेल्या तीन गावांत मी त्यांना मुद्दाम आडवारी पाठवलं. घर दाखवणारे रविवारी बोलावतात. मंगळवारी संध्याकाळी जा, वाचनालयात तासभर बसा, मैदानावर कोणाची मुलं कोणाशी खेळताहेत ते बघा. आणि पहिलं वर्ष भाड्यानंच राहा.

त्यांनी मेरीलँडमधलं कोलंबिया निवडलं. जेम्स राउझ नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं हे शहर ठरवून वसवलं, सगळ्या वंशांच्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून. टपालपेट्या दारोदार न लावता गल्लीत एका ठिकाणी, म्हणजे पत्र घ्यायला आलेले शेजारी भेटतील. वेगवेगळ्या चर्चऐवजी अनेक पंथांनी वाटून घेतलेल्या इमारती. शहराचं उद्घाटन झालं जून १९६७ मध्ये, आणि त्याच महिन्यात, १२ तारखेला, लव्हिंग आडनावाच्या दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय लग्नांवरची बंदी देशभर रद्द केली. १६६४ मध्ये अशा लग्नांविरुद्ध कायदा करणारं मेरीलँडच होतं, हे डेरिकनंच मला सांगितलं. केसांच्या ठेवणीवरून नोकरीत भेदभाव करायला याच राज्यानं २०२० मध्ये बंदी घातली.

पण इतिहास चांगला म्हणून शेजार आपोआप मिळत नाही. तिथे गेल्यावर पहिले चार महिने काहीच घडलं नाही. समुपदेशनाचा माझा परवाना राज्यापुरता, त्यामुळे आमच्या भेटी थांबल्या होत्या. मृणाल अधूनमधून फक्त खुशाली कळवायची, आणि त्या खुशालीत खुशी नसायची. ते युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींच्या रविवारच्या सभेला जाऊन आले. तिथे देव न मानणाऱ्यांनाही जागा असते. मृणालला बरं वाटलं, डेरिकला नाही. लोक सज्जन, पण बहुतेक गोरे आणि वयस्क, आणि गाणं त्याला अळणी वाटलं. मराठी शाळेत एका पालकांनी “मुलं वडिलांवर गेली वाटतं” असं सुस्कारा टाकून म्हटलं. या वेळी मृणाल गप्प बसली नाही. “हो, आणि आम्हाला ती तशीच आवडतात,” म्हणाली. त्याच दिवशी दुसऱ्या एका आईनं तिचा फोन नंबर मागितला.

वेण्या घालणारी बाई मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची. नमाजाची वेळ झाली की कंगवा ठेवून मागच्या खोलीत जाते, आणि बसलेल्या बायका तोवर ईराच्या अर्ध्या डोक्याकडे लक्ष ठेवतात. तिनं मृणालला केस ओले करून, भाग पाडून, टोकाकडून सोडवायला शिकवलं, झोपताना सॅटिनची टोपी घालायला लावली. तुमचा धर्म कुठला, असं तिनंही विचारलं होतं. मृणालनं खरं उत्तर दिलं. बाई म्हणाली, “बरं. मान खाली कर, बाळ,” आणि पुढची वेणी घ्यायला लागली.

धाकट्याला अजून कोणाच्या वाढदिवसाचं बोलावणं आलेलं नाही. डेरिकला तिथे जिवाचा मित्र मिळालेला नाही. पण गेल्या हिवाळ्यात मृणालची आई साताऱ्याहून आली होती. नातीसोबत त्या दुकानात पाच तास बसली, भाषा येत नसताना. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मृणालला विचारलं, “त्या बाईला शेंगदाण्याची चटणी तिखट चालते का गं? पुढच्या वेळी थोडी घेऊन जाऊ.”