वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटेची गाडी, तिचे टायर आणि कंपनीतून येणारे पर्याय

प्रश्न : आमचे गाव पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आहे. डांबरी रस्ता संपल्यावर शेतघरापर्यंत तीन किलोमीटर मातीची आणि जांभ्या दगडाची चढण आहे व पावसाळ्यात ती धुपून तिच्यात खोल चाकोऱ्या पडतात. आठवड्यातून एक-दोनदा कराड किंवा सातारा गाठावे लागते. महिंद्राची वापरलेली डिझेल थार घ्यायचे ठरवले असून दोन गाड्या पाहिल्या आहेत. एक एएक्स श्रेणीतील, १६ इंची पोलादी चाकांची. दुसरी एलएक्स, १८ इंची अलॉय चाकांची आणि अर्थातच महाग. गॅरेज चालवणारा माझा मित्र म्हणतो की कोणतीही घ्या, २८५/७५ आर १६ मापाचे मड टायर चढवले की काम झाले. आपले मत काय? – एक शेतकरी, पाटण तालुका

उत्तर : आपण टायरविषयी विचारले आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे : या दोन गाड्यांपैकी कोणत्या गाडीच्या मागच्या आसाला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे? (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर एका आसाच्या दोन्ही चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी.) टायर झिजले की बदलावेच लागतात आणि चाकेही बाजारात मिळतात. मात्र फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, तिचे लो रेंज (सावकाश पण जास्त ओढीचे गिअर) आणि डिफरन्शियलचे लॉक या गोष्टी कारखान्यातून आल्या नसतील तर त्या मागाहून बसवणे इतके खर्चाचे व कटकटीचे होते की शहाण्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. म्हणून जुनी गाडी घेताना जे नंतर बदलता येत नाही ते प्रथम तपासावे.

आपल्या चढणीवर नेमके काय होते ते पाहा. चाकोरी तिरपी असली की मागचे एक चाक अधांतरी होते किंवा चिखलात हलके पडते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला कमी विरोध होतो ते चाक मोकळे फिरत राहते आणि ज्याची जमिनीवर पकड आहे ते जागेवर थांबते. मेकॅनिकल लॉक असेल तर दोन्ही चाकांच्या वेगात मोठा फरक पडताच ते आपोआप गुंतते व दोन्ही चाके एकाच गतीने फिरवते. ज्या गाड्यांना हे लॉक नाही त्यांच्यात घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवण्याची इलेक्ट्रॉनिक सोय असते. ती उपयोगी आहे, पण लांबच्या चिखलाच्या चढावर तिला मेकॅनिकल लॉकची सर येत नाही. सध्याची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली आणि त्यानंतर कोणत्या श्रेणीला लॉक द्यायचे हे वेळोवेळी बदलत गेले. त्यामुळे केवळ 'एलएक्स' किंवा 'एएक्स' या अक्षरांवर विसंबू नका, तर चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून खात्री करून घ्या. जानेवारी २०२३ पासून केवळ मागच्या चाकांना जोर मिळणारी, म्हणजे फोर बाय फोर नसलेली थारही विकली जाते, आणि दुरून पाहणाऱ्याला ती तशीच दिसते, हेही ध्यानात ठेवा.

आता चाकांकडे येऊ. १६ इंची चाकावर २४५/७५ आर १६ मापाचा टायर येतो. यातील २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती उंचीची बगल (रिमपासून नक्षीपर्यंतची टायरची बाजू) आहे तो आकडा आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर या टायरची बगल सुमारे १८४ मिलिमीटर आणि बाहेरचा पूर्ण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. एलएक्सच्या २५५/६५ आर १८ टायरची बगल सुमारे १६६ आणि व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर. म्हणजे १८ इंची चाकाने गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम सात मिलिमीटर वर जाते आणि त्या बदल्यात रबराची बगल अठरा मिलिमीटरने कमी होते. जांभ्याच्या टोकदार दगडावरून जाताना धक्का सोसणारी गोष्ट ही बगलच असते. शिवाय पोलादी रिम वाकली तर तालुक्याच्या गावातही ठोकून सरळ करून मिळते. अलॉयला तडा गेला की ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यामुळे माझा कौल असा : दोन्ही गाड्यांत लॉक असेल, किंवा दोन्हींत नसेल, तर एएक्स घ्या आणि वाचलेले पैसे टायरवर व गाडीखालच्या संरक्षक पत्र्यांवर खर्च करा. लॉक फक्त एलएक्समध्ये असेल तर मात्र जास्तीचे पैसे देऊन तीच घ्या, आणि पुढे टायर संपतील तेव्हा त्याच मॉडेलची १६ इंची मूळ पोलादी चाके मिळवून बसवा. टचस्क्रीन आणि तत्सम गोष्टींना मी या हिशेबात धरलेले नाही. चढणीवर त्यांचा उपयोग गाणी ऐकण्यापुरताच.

मित्राने सुचवलेल्या २८५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ८३४ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ १६ इंची मापापेक्षा जवळजवळ पावणेआठ टक्के जास्त. एवढ्या वाढीने गाडीचे पोट तीस मिलिमीटर उचलले जाते हे खरे, पण त्याबरोबर पुढील सर्व गोष्टीही येतात : प्रत्येक गिअर तितक्याच प्रमाणात लांबतो आणि चढावर ओढ कमी पडते, स्पीडोमीटर ८० दाखवत असताना प्रत्यक्षातला वेग मूळ टायरच्या तुलनेत सहा किलोमीटरने वाढलेला असतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा स्प्रिंग दबल्यावर टायर आतल्या भागाला घासण्याची शक्यता असते, म्हणून गाडी उचलण्याचा संच बसवावा लागतो, आणि मागच्या दारावर लटकणाऱ्या जड स्टेपनीने दाराच्या बिजागऱ्या सैल होतात. त्यातच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असे टायर अडचणीचे ठरू शकतात. मूळ मापावरच राहावे हा माझा आग्रह आहे.

माप तेच ठेवून नक्षी मात्र बदलता येते, आणि खरा फरक तिथे पडतो. मड टायरची मोठमोठी बटणे व त्यांच्यातील रुंद चर खोल चिखल फेकून देण्यासाठी असतात. कृष्णाकाठच्या उसाच्या रानातील काळी चिकण माती कोणत्याही नक्षीत लिंपून बसते आणि तिथे मड टायरला काही अर्थ आहे. आपल्याकडील लाल माती मात्र बहुधा कातळावर किंवा मुरमावर पातळ थराने असते. खालचे कठीण तळ पकडण्यासाठी बारीक चिरा असलेली ऑल टेरेन नक्षी तिथे पुरते. शिवाय तीन किलोमीटरची चढण सोडली तर आपला उरलेला सर्व प्रवास डांबरावर होणार आहे, आणि पावसात भिजलेल्या घाटरस्त्यावर ब्रेक दाबला की मड टायर ऑल टेरेनपेक्षा उशिरा थांबतो. टायर घेताना गाडीच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांक घेऊ नये; ११२ असा आकडा असेल तर तो एक टायर ११२० किलो पेलतो. बगलेवरील चार आकडी शिक्का, उदाहरणार्थ २३२५, म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुन्या गाडीची न वापरलेली स्टेपनी नक्षीने नवी दिसते, परंतु वयाने ती गाडीइतकीच असते.

चढणीवर चढण्यापूर्वी हवा नेहमीपेक्षा सहा-आठ पीएसआयने कमी केली तर पकड सुधारते, मात्र त्याहून खाली गेल्यास दगडावर बगल फाटण्याचा धोका आहे. वर पोहोचल्यावर किंवा डांबराला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत असू द्या. तसेच कोरड्या डांबरावर फोर बाय फोर गुंतवून गाडी चालवू नये, कारण थारमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर सर्व यंत्रणेवर ताण येतो. गाडी पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला याबद्दल सहज विचारा. उत्तरावरून गाडी कशी वापरली गेली ते कळते.

प्रश्न : वाईजवळ राहतो आणि मारुतीची जिम्नी चालवतो. मूळ टायर बारीक दिसतात म्हणून २३५/७५ आर १५ बसवावेत असे वाटते. शिवाय चाके थोडी बाहेर येणारी अलॉय घ्यावीत का? रविवारी कासच्या बाजूला जाणे होते. – एक वाचक, वाई

उत्तर : जिम्नीला १९५/८० आर १५ टायर आणि साडेपाच इंच रुंदीची रिम येते. २३५ रुंदीच्या टायरला किमान सहा इंचांची रिम लागते, म्हणजे चाकेही बदलावी लागतील; आणि व्यास ६९३ वरून सुमारे ७३४ मिलिमीटर झाल्याने दीड लिटरच्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनावर पसरणी घाटात जो भार पडेल तो आपल्याला पहिल्याच चढावर जाणवेल. फार तर २१५/७५ आर १५ घ्यावा. तो मूळ रिमवर बसतो, व्यासातील वाढ दीड टक्क्याच्या आसपास राहते, आणि बोलेरोचेही तेच माप असल्यामुळे आडगावातल्या टायरवाल्याकडेही तो सापडण्याची शक्यता जास्त असते. हा शेवटचा मुद्दा लोक विचारात घेत नाहीत, परंतु रविवारी संध्याकाळी टायर फाटला म्हणजे तोच कामास येतो. तरीही बदलापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे.

बाहेर येणाऱ्या चाकांना माझा विरोध आहे. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देते आणि मडगार्डबाहेर उडालेला चिखल काचांवर व शेजारच्या दुचाकीस्वारावर जातो. चाक बाहेर आणण्यासाठी आत बसवायच्या चकतीबद्दलही (स्पेसर) हेच म्हणता येईल. राहिला कासचा प्रश्न : पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासून जागतिक वारसा ठरलेल्या त्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा थर अगदी पातळ आहे आणि फुलांच्या मोसमाबाहेरही त्यात बिया असतात, तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवावी, टायर कोणतेही असोत.

प्रश्न : दहिवडीच्या पुढे आमची माळरानाची शेती आहे. बोलेरोला बाभळीच्या काट्यांनी महिन्याला पंक्चर होतात. मड टायर घेतल्यास काटे लागणार नाहीत का? – एक वाचक, माण तालुका

उत्तर : लागतीलच. बटणांमधील चरात रबर पातळ असते आणि वेड्या बाभळीचा वाळलेला काटा नेमका तिथेच घुसतो. आपल्या मुरमाड, कोरड्या रानात मड टायरचा दुसरा काही फायदाही नाही. तो डांबरावर आवाज करील आणि लवकर झिजेल. त्याऐवजी मूळ २१५/७५ आर १५ मापातच जाड बांधणीचा, अधिक भारांकाचा ऑल टेरेन ट्यूबलेस टायर पाहा. सध्या ट्यूब असेल तर रिम ट्यूबलेसची आहे की नाही ते आधी तपासून घ्यावे.

ट्यूबलेसमध्ये काटा रुतला असता तो शेतातच उपटू नका. बहुतेक वेळा काटाच भोक बुजवून ठेवतो आणि हवा हळूहळू उतरते, त्यामुळे दुकानापर्यंत पोहोचता येते. नक्षीच्या भागातील भोक दोरीच्या प्लगने तात्पुरते बुजते, परंतु आतून लावलेले ठिगळ अधिक काळ टिकते. बगलेतील भोकाला मात्र कोणताही उपाय विश्वासाचा नाही आणि तो टायर बदलावा. कुंपणाच्या छाटणीनंतर चार-आठ दिवस वाटेवर काटे सर्वाधिक असतात, तेवढ्या काळात बांधाकडेची वाट टाळावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की कायद्यानेच टायर बाद ठरतो. काटेरी रानात मी तीन मिलिमीटर उरले असतानाच तो काढीन, कारण त्यानंतर पंक्चरचे प्रमाण झपाट्याने वाढते.