भेंडीच्या ठशांपासून सुरुवात करा

तिसरी-चौथीच्या 40 मुलांच्या वर्गात, स्वतंत्र कलाशिक्षक नसताना आणि साहित्यासाठी जवळजवळ काहीच तरतूद नसताना, कोणता कला-उपक्रम घेता येईल आणि त्याची नोंद कशी ठेवावी, असे आपण विचारले आहे. मी ठसेकाम सुचवेन, आणि तेही एका तासापुरते नव्हे, तर लागोपाठ तीन-चार आठवडे. दर आठवड्याला नवी वस्तू करून घेतली की प्रदर्शनाचे टेबल भरते, पण मुलांचा हात कोणत्याच माध्यमावर बसत नाही.

सुरुवात भेंडीपासून करावी. कोवळी भेंडी दाबताच चुरगळते. म्हणून बाजार उठताना मागे राहिलेली जून, निबर भेंडी मागून आणावी. (दुपारच्या खिचडीची मुले वाट पाहत असतात त्या शाळेत चांगली भाजी रंगात बुडवणे मला तरी पटत नाही.) भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. कापलेल्या बाजूचा बुळबुळीत चीक वर्तमानपत्रावर टिपून ती थोडा वेळ सुकू द्यावी, नाहीतर रंग धरत नाही आणि ठसा फिसकटतो. ताटलीत जुन्या सुती कापडाची ओलसर घडी ठेवून तिच्यावर दाट ताकासारखा कालवलेला रंग पसरावा. ही गादी पाच-सहा मुलांच्या गटाला सहज पुरते. कागद पाठकोरा चालतो, मात्र त्याच्याखाली वर्तमानपत्राची घडी हवीच, कारण कठीण बाकावर ठसा सगळीकडे सारखा टेकत नाही.

गेरू आणि नीळ डिंकाच्या पाण्यात कालवून छान चालतात. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, पण हे मुलांना आधी सांगू नये. एक कागद खिडकीत लावून आणि दुसरा वहीत मिटून ठेवून त्यांनाच काही दिवसांनी ताडून पाहू द्यावे.

पहिल्या तासाला विषय देऊ नये, नुसते ठसे उमटवू द्यावेत. दुसऱ्या तासाला साडीचा काठ करायला सांगावा: एक फूल, एक पान, पुन्हा फूल. सरळ ओळ कोणालाही जमते. खरी गंमत कागदाच्या कोपऱ्यावर येते, कारण तिथे काठ वळवायचा कसा, फूल नेमके कोपऱ्यात बसावे यासाठी अंतर आधी कसे मोजायचे आणि उरलेल्या अर्ध्या जागेचे काय करायचे, हे मुलांना स्वतःच ठरवावे लागते. इथे शिक्षकाने फळ्यावर तयार नमुना काढून दाखवला, तर उपक्रमातले अर्धे शिक्षण तिथेच संपते.

तिसऱ्या तासाला बटाटा घ्यावा. सुरी शिक्षकानेच चालवावी. मुलांनी संपलेल्या रिफिलच्या टोकाने कापलेल्या भागावर रेघा कोराव्यात, त्या ठशात कोऱ्या उमटतात. बहुतेक मुले आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरतात आणि ते उलटे आलेले पाहून चक्रावतात. 'ठ' तेवढा जवळजवळ तसाच उमटतो. मग वर्गात आरसा आणून ठेवावा, स्पष्टीकरण त्यांच्याकडूनच येते.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदीत 'सुबक काम' असा शेरा लिहिण्याऐवजी मुलाने कोपरा कसा सोडवला ते एका वाक्यात लिहावे, आणि फसलेला कागदही त्याच्या संचिकेत ठेवावा.