ओठावरचा लाल डाग: आपोआप जाईल म्हणून थांबावं का?

तुमचं बाळ सात आठवड्यांचं आहे. जन्मताना ओठ स्वच्छ होता, तिसऱ्या आठवड्यात लाल ठिपका आला आणि आता तो फुगतोय. घरचे म्हणतात, लासं आहे, जाईल.

जन्मताना नव्हता, नंतर आला आणि भराभर वाढतोय, म्हणजे बहुतेक हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ. पोर्ट वाइन डाग वेगळा: तो जन्मापासूनच असतो, सपाट असतो आणि आपोआप जात नाही. घरच्यांचं अर्धं खरं आहे. हिमँजिओमा साधारण वर्षाच्या सुमारास ओसरायला लागतो आणि चार-पाच वर्षांत बराचसा बसतो. पाठीवर किंवा दंडावर लहानसा असता तर मीही नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं.

ओठावर मात्र थांबू नका. तिथं सतत ओल असते, चोखताना घासतं, त्वचा फुटते. मग दुखतं, रक्त येतं, बाळ दूध सोडतं आणि पुढं व्रण राहून ओठाचा आकार बिघडतो. वाढीचा सर्वांत जोराचा काळ पाच ते सात आठवड्यांचा, पाच महिन्यांपर्यंत बहुतेक वाढ होऊन जाते. त्यामुळं दहाव्या आठवड्याच्या लशीला गेलो की दाखवू, असं करू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठा. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा बालरोग विभागही आहेच.

उपचार म्हणजे प्रोप्रानोलोलचं तोंडी औषध. ते मुळात हृदयाचं. 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांना त्यानं या गाठी बसतात हे दिसलं. सुरुवात साधारण दिवसाला किलोमागं 1 मिलिग्रॅमनं करून 2 ते 3 पर्यंत नेतात. म्हणजे 5 किलोच्या बाळाला 2 च्या हिशेबानं दिवसाला 10 मिलिग्रॅम, दोन वेळांत 5-5. पहिल्या डोसनंतर आणि डोस वाढवल्यावर दोन तास नाडी-रक्तदाब बघतात. औषध सहसा किमान सहा महिने चालतं.

चूक होते ती घरी. औषध दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचं, उपाशीपोटी कधीच नाही, कारण साखर खाली जाते. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल तर डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. डोस चुकला तर पुढचा दुप्पट नको. चमच्यानं मोजू नका, सुई नसलेली सिरिंज वापरा. दुकानदारानं दुसरं सिरप दिलं तर एका मिलीत किती मिलिग्रॅम ते पुन्हा वाचा. बाळ घामाघूम, गार, मलूल पडलं, उठेना, तर पिऊ शकत असेल तर दूध पाजा आणि तडक दवाखान्यात. हात-पाय थोडे गार राहणं आणि झोप मोडणं मात्र नेहमीचं.

टिमोलोलचे डोळ्यांचे थेंब पातळ, वरवरच्या डागाला चालतात. ओठावर ते चाटून पोटात जातात, म्हणून स्वतःहून लावू नका.

डाग फुटलाच तर पेट्रोलियम जेलीचा थर ठेवा. रक्त आलं तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधेच उचलून बघितलं की पुन्हा सुरू होतं. हळद-चुना नको. बिब्बा तर अजिबात नको, त्यानं कातडी भाजते.

अंगावर असे पाच किंवा जास्त डाग दिसले तर पोटाची सोनोग्राफी करून यकृत बघतात. हनुवटी-गळ्याकडं डाग पसरलेला असून श्वास घेताना आवाज येत असेल, तर आत स्वरयंत्राजवळही गाठ असू शकते. अशा वेळी उद्याची वाट बघू नका.