मेंटॉरला विचारू की नको?

प्रश्न : मी कोल्हापूरची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आले. पणजीत पाट्टोवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप आहे, खोली पर्वरीला. दोन आठवडे झाले तरी प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर चालत नाही. मेंटॉर सतत कामात असतात. ‘एवढंही येत नाही?’ म्हणतील या भीतीने मी विचारत नाही. स्कूटर नाही म्हणून शनिवार-रविवार खोलीतच जातात. मैत्रिणींना वाटतं, गोव्यात आहे म्हणजे मजाच. काय करू?

उत्तर : अगं, नव्या माणसाच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात चालला तर टीमलाच नवल वाटतं. पण तो चालत नाही हे दोन आठवडे कुणाला ठाऊकच नाही, हे महागात पडेल. साठातले चौदा दिवस गेले.

अशा वेळी अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, नोड किंवा पायथनची (म्हणजे कोड चालवणाऱ्या साधनाची) आवृत्ती टीमच्या आवृत्तीशी जुळत नाही. दोन, पासवर्ड आणि कळा (गुप्त ‘की’) असलेली एन्व्ह नावाची सेटिंगची फाइल तुझ्याकडे नाही; ती गिटवर, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात, मुद्दामच ठेवत नाहीत. तीन, डेटाबेसची किंवा व्हीपीएनची (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेची) परवानगी तुझ्या नावावर अजून झालेली नाही. पहिलं तुझं तू तपासू शकतेस. उरलेली दोन कितीही हुशार असलीस तरी मागितल्याशिवाय मिळणार नाहीत. म्हणजे कदाचित तू दोन आठवडे अशा कुलपाशी झटतेयस, ज्याची किल्ली मेंटॉरच्या खिशात आहे.

यापुढे घड्याळ लाव. पाऊण तास स्वतः झगड, मग विचार. ‘सर, चालत नाहीये’ असं पाठवू नकोस, त्याला उत्तर देता येत नाही. काय करत होतीस, कोणती कमांड दिलीस, एररचा पहिला अर्थपूर्ण भाग आणि शेवटच्या दहा ओळी, काय करून पाहिलंस, तुला काय वाटतं, एवढं लिही. एररचा फोटो नको, मजकूर चिकटव. तो शोधता येतो. पासवर्ड दिसत असेल तर आधी काढ. अर्धे प्रश्न हे लिहितानाच सुटतात, हा त्यातला फुकटचा फायदा. मेंटॉर कामात असतील तर त्यांच्याकडून रोजची पंधरा मिनिटं ठरवून घे आणि बारीकसारीक प्रश्न त्या वेळेसाठी साठव. अगदीच अडलीस तर मात्र थांबू नकोस.

प्रोजेक्ट चालला की रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, नसलेल्या पायऱ्या तूच लिही आणि तीच तुझी पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल टीमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) कर. छोटी असल्याने रिव्ह्यू लवकर होईल, आणि पुढच्या इंटर्नचे दोन आठवडे वाचतील. चुकून एखादी कळ गिटवर गेलीच, तर गुपचूप ओळ खोडू नकोस. जुन्या कमिटमध्ये (गिटमधल्या आधीच्या नोंदीत) ती तशीच राहते. लगेच सांग; कळ बदलणं हाच उपाय.

आता शनिवार-रविवार. पणजी ते म्हापसा खासगी बस पर्वरीवरून जातात, त्या तुझ्या. सरकारी कदंबची शटल थेट म्हापशाला जाते, ती पर्वरीला थांबेल या भरवशावर चढू नकोस. रात्री बस लवकर विरळ होतात, परतीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेव. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, पण तुला सुट्टी नाही. तेव्हा शनिवारी जुन्या गोव्याची बस धरून रायबंदरला उतर आणि फेरीबोटीने चोडणला जा. पलीकडे धक्क्याजवळच खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पणजीहून रायबंदरकडे जाणारा तो लांबलचक बांध पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला, खिडकीतून बघ. भरपावसाचा रविवार असेल तर फोंड्याची बस, मंगेशी वाटेतच लागतं. आणि ऑफिसजवळ पाट्टोवरच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. घराची आठवण आली की तिथला मराठी विभाग कामी येईल.

स्कूटर भाड्याने घेतलीसच तर काळी पाटी, पिवळी अक्षरं असलेलीच घे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं तर त्रास तुलाच. जून लागला की समुद्रात पाय घालायचा नाही, लाटा शांत दिसल्या तरी. विजा कडाडल्या की लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढ, आणि रोज संध्याकाळी आपली ब्रांच (कोडमधले तुझे बदल) गिटवर पुश कर. पावसात वीज सांगून जात नाही.

घरमालकिणीशी मराठीतच बोल, तिला कळतं. तिचं ‘आयज’ म्हणजे आज आणि ‘फाल्यां’ म्हणजे उद्या, एवढं कळलं तरी पाण्याचा आणि भाड्याचा घोळ होणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा खानावळीत मासळीची थाळी महागली तर तुला परगावची म्हणून लुबाडलं असं समजू नकोस. सुकटीची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, मागून बघ.